शाम्पूतलं कोकामाइड डीईए: किती घाबरायचं आणि नेमकं काय बघायचं

इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश दर काही महिन्यांनी फिरून येतो. शाम्पूत कर्करोग करणारं रसायन असतं, बाटली उलटी करा, ‘डीईए’ ही अक्षरं दिसली तर ती फेकून द्या. बाटली उलटी केली की पुष्कळदा ती अक्षरं खरंच सापडतात: कोकामाइड डीईए. हँडवॉशवर सापडतात, भांड्यांच्या लिक्विडमध्ये हाच पदार्थ असतो, आणि सांवेर रोडकडच्या एखाद्या छोट्या कारखान्यात बनलेल्या बाटलीतही असतो. मग घरात वाद सुरू होतो. एकाचं म्हणणं, सरकारने विकायला परवानगी दिलीय तर ठीकच असेल. दुसऱ्याचं म्हणणं, परदेशात यावर खटले झालेत.

दोघांकडेही थोडं थोडं खरं आहे. मात्र ‘हा पदार्थ बाटलीत आहे की नाही’ एवढ्यावर निकाल लावता येत नाही. तो पदार्थ कसा बनवलाय, बनवताना त्यात काय उरलंय, बाटलीत त्याच्या शेजारी कोण बसलंय आणि अंगाला लावल्यावर तो धुतला जातो की तसाच राहतो, यावर सगळं ठरतं.

हा पदार्थ आहे तरी काय

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. त्या साखळ्यांना मेदाम्लं म्हणतात. खोबरेलात यातली जवळपास निम्मी मेदाम्लं लॉरिक आम्लाची, म्हणजे बारा कार्बनची असतात. फेसासाठी ही लांबी सर्वांत सोयीची. साखळी आखूड असली तर त्वचेला झोंबते, लांब असली तर थंड पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून साबण आणि शाम्पू बनवणाऱ्यांची नजर कायम खोबरेलावर आणि त्याच्यासारख्याच पाम कर्नल तेलावर असते.

दुसरा घटक अमाइन. अमोनियापासून तयार होणाऱ्या रसायनांचा हा गट. त्यातलंच एक डायइथेनॉलअमाइन, म्हणजेच डीईए. मेदाम्ल आणि अमाइन यांची रासायनिक जोडणी झाली की जे बनतं त्याला अमाइड म्हणतात. खोबरेलाची मेदाम्लं आणि डीईए यांचं अमाइड म्हणजे कोकामाइड डीईए. कच्च्या मालाच्या बाजारात याला सगळे सीडीईए म्हणतात, आपणही पुढे तेच म्हणू. पिवळसर, मधासारखं घट्ट द्रव असतं, हलका आमोनियासारखा वास असतो आणि बोटाला बुळबुळीत लागतं.

अमाइड शब्द ऐकून बिचकायचं मात्र कारण नाही. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पाणी धरून ठेवणारे जे स्निग्ध पदार्थ आहेत, त्यांत वजनाने साधारण निम्मा वाटा सिरॅमाइडांचा असतो, आणि सिरॅमाइड हेही मेदाम्लाचं अमाइडच. महागड्या क्रीमवर ‘सिरॅमाइडयुक्त’ असं मिरवलं जातं ते हेच. तेव्हा कुटुंब वाईट नाही. तक्रार आहे ती या एका सदस्याबरोबर येणाऱ्या सोबत्याबद्दल.

बाटलीत याचं काम काय

शाम्पूतला मळ काढणारा मुख्य घटक सीडीईए नसतो. ते काम सोडियम लॉरेथ सल्फेट करतं, बाजारातलं नाव एसएलईएस. हे एकटं वापरलं तर फेस येतो, पण मोठ्या बुडबुड्यांचा, पटकन बसणारा. केसांत तेल असेल तर आणखीच लवकर बसतो. सीडीईए त्या बुडबुड्यांच्या पातळ पडद्यात एसएलईएसच्या रेणूंमध्ये जाऊन बसतं आणि पडदा घट्ट करतं. फेस बारीक, मलईदार होतो आणि तेलातही टिकतो.

माळव्यात याला आणखी एक कारण आहे. नर्मदेचं नळाचं पाणी आलं नाही त्या दिवशी इंदूरमध्ये बरीच वस्ती बोरिंगवर चालते, आणि काळ्या पाषाणातून वर आलेलं ते पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. जड पाण्यात फेस मरतो. सीडीईए असलेलं मिश्रण अशा पाण्यातही फेस बऱ्यापैकी धरून ठेवतं. तेच लिक्विड नर्मदेच्या पाण्यात भरपूर फेसाळतं आणि बोरिंगवर ‘आज कमी का’ असं वाटतं, त्यामागे हा पाण्याचा फरक असतो.

तिसरं काम घट्टपणाचं. पाण्यासारखा वाहणारा शाम्पू कोणी घेत नाही. सीडीईए दोन-तीन टक्के घातलं आणि थोडं मीठ टाकलं की मिश्रण दाटतं. स्वस्त आहे, थंड मिश्रणातही मिसळतं, सुगंध विरघळवायला मदत करतं. छोट्या कारखानदाराला यापेक्षा सोयीचं काय हवं? शाम्पू-हँडवॉशमध्ये साधारण १ ते ५ टक्के एवढं याचं प्रमाण असतं.

बनतं कसं आणि उरतं काय

सगळी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सीडीईए बनवायच्या मुख्य दोन पद्धती आहेत. पहिली जुनी. १९३७ साली वुल्फ क्रिचेव्हस्की यांनी हिचं अमेरिकन पेटंट घेतलं. एक भाग मेदाम्लाला दोन भाग डीईए घ्यायचं (इथे भाग म्हणजे रेणूंची संख्या, वजन नव्हे) आणि १५० अंशांच्या आसपास काही तास तापवायचं. प्रत्यक्षात जोडणीला एकच भाग पुरतो. मग दुसरा कुठे जातो? थोडा साबणाच्या रूपात अडकतो, बाकीचा मोकळाच राहतो. यालाच दोनास एक म्हणतात. पाण्यात छान विरघळतं, पण त्यात जोडलं न गेलेलं डीईए भरपूर असतं.

दुसऱ्या पद्धतीत मेदाम्लाऐवजी त्याचं मिथाइल एस्टर घेतात, डीईए जवळपास एकास एक, आणि सोबत सोडियम मिथॉक्साइड हे उत्प्रेरक. तापमान कमी लागतं, मिथेनॉल बाहेर काढत राहतात आणि ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध अमाइड मिळतं. मोकळं डीईए थोड्या टक्क्यांवर येतं. काही जण थेट तेलापासूनच बनवतात. तेव्हा तेलातलं ग्लिसरीनही आत राहतं, साधारण ९-१० टक्के. त्याने नुकसान काही नाही, फक्त तेवढं अमाइड कमी भरतं.

पोळी लाटताना पिठी लागतेच, पण घाईत जास्त घेतली आणि झटकली नाही तर ती तव्यावर करपते आणि पोळीला कडवट वास लागतो. खाणारा म्हणतो पोळी बिघडली. खरं तर पोळीत काही वावगं नसतं, वरची न झटकलेली पिठी जळलेली असते. सीडीईएच्या बाबतीत ती पिठी म्हणजे मोकळं डीईए.

उंदरांवर काय दिसलं

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने यावर दोन वर्षांचा प्रयोग केला आणि त्याचा अहवाल २००१ मध्ये आला. मोठे उंदीर आणि छोटे उंदीर, दोन्हींच्या पाठीवर आठवड्यातून पाच दिवस सीडीईए इथेनॉलमध्ये मिसळून लावलं. छोट्या उंदरांना दर किलो वजनामागे १०० किंवा २०० मि.ग्रॅ. आणि मोठ्यांना ५० किंवा १००. धुतलं नाही. छोट्या उंदरांत, नर आणि मादी दोन्हींत, यकृताच्या गाठी स्पष्टपणे वाढल्या आणि नरांत मूत्रपिंडाच्याही. मोठ्या नर उंदरांत परिणाम दिसला नाही, माद्यांत संदिग्ध राहिला.

संदेश इथेच थांबतो. अहवाल पुढेही सांगतो: वापरलेल्या नमुन्यात मोकळं डीईए १८ टक्क्यांच्या वर होतं आणि गाठींचं प्रमाण त्या मोकळ्या डीईएशी जुळत होतं. नुसतं डीईए लावून केलेल्या वेगळ्या प्रयोगातही छोट्या उंदरांच्या यकृतात अशाच गाठी आल्या होत्या. डीईए शरीरातल्या कोलीन या पोषकद्रव्याच्या कामात अडथळा आणतं, आणि कोलीनच्या कमतरतेला छोटे उंदीर फार संवेदनशील असतात. माणसावर परिणाम होणारच नाही असा याचा अर्थ नाही. पण उंदरांचा आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, एवढं नक्की.

आता हिशेब करू. एका डोकं धुण्याला १० ग्रॅम शाम्पू आणि त्यात ३ टक्के सीडीईए, म्हणजे ३०० मि.ग्रॅ. युरोपातले सुरक्षा तपासणारे तज्ज्ञ असं धरतात की धुतल्यावर शाम्पूचा शंभरावा भाग अंगावर राहतो. म्हणजे ३ मि.ग्रॅ. साठ किलोच्या माणसाला दर किलोमागे ०.०५ मि.ग्रॅ. उंदरांच्या १०० च्या तुलनेत दोन हजार पट कमी. मोकळ्या डीईएच्या हिशेबाने अंतर आणखी वाढतं. उंदरांना दर किलोमागे सुमारे १८ मि.ग्रॅ. मिळत होतं. सीडीईएत पाच टक्के मोकळं असलं तर माणसाला ०.००२५, म्हणजे सात हजार पटींहून जास्त फरक.

हाच हिशेब बॉडी लोशनला लावून बघा. दिवसाला साधारण ८ ग्रॅम लोशन, त्यात ३ टक्के सीडीईए, आणि धुणं नाहीच. जवळपास सगळं त्वचेवर. दर किलोमागे ४ मि.ग्रॅ. आता अंतर फक्त पंचवीस पटींचं उरतं. रोज, वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूसाठी हे अंतर मला पुरेसं वाटत नाही. धुतलं जाणारं आणि अंगावर राहणारं यांत भेद करायचा तो याच कारणासाठी. सीडीईएचं खरं काम फेसाचं, आणि लोशनला फेस हवाच कशाला?

‘पण कर्करोग संस्थेनेच यादीत टाकलंय ना?’

टाकलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०११ च्या बैठकीत सीडीईएला २-ब गटात ठेवलं, म्हणजे ‘माणसात कर्करोग करू शकण्याची शक्यता’. डीईएही त्याच गटात. जून २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या राज्याच्या यादीत सीडीईए घातलं, आणि त्या कायद्यानुसार इशारा न छापता विकणाऱ्यांवर खटला भरता येतो. संदेशातले ‘परदेशातले खटले’ ते हे. बऱ्याच कंपन्यांनी वादात पडण्यापेक्षा आपल्या कृतीच बदलल्या.

हे गट कसे ठरतात हे कळलं की भीती जागेवर येते. ही संस्था एवढंच बघते की एखादा पदार्थ कोणत्याही मात्रेत कर्करोग करू शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे. तुमच्या वापरातली मात्रा घातक आहे का, हे ती ठरवत नाही. २-ब म्हणजे प्राण्यांत पुरावा आहे, माणसात अपुरा. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. तेव्हा ‘सीडीईए-मुक्त, कोरफडयुक्त’ असं मोठ्या अक्षरात छापलेली बाटली बघून मला गंमत वाटते. (जेल बनवताना पिवळा चीक काढलेला असतो, त्यामुळे कोरफडीला घाबरायचंही कारण नाही. तर्क मात्र दोन्हीकडे एकच लावायला हवा.)

याहून जास्त लक्ष द्यायची गोष्ट: नायट्रोसामाइन

संदेशात हे नाव सहसा नसतं, आणि खरी खबरदारी इथेच लागते. डीईए हे दुय्यम अमाइन आहे, म्हणजे त्यातल्या नायट्रोजनला दोन कार्बनी शाखा जोडलेल्या असतात. अशा अमाइनला नायट्राइट किंवा तसलं काही भेटलं की नायट्रोसामाइन बनतं. डीईएपासून बनणाऱ्याला एनडीईएलए म्हणतात आणि प्राण्यांत ते कर्करोग करतं. सौंदर्यप्रसाधनांत ते असल्याचं १९७७ मध्ये लक्षात आलं आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना इशारा दिला.

शाम्पूत नायट्राइट येतं कुठून? एक वाट परिरक्षकाची, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनाची. ब्रोनोपॉल आणि त्याच्या जातीची ब्रोमो-नायट्रो परिरक्षकं हळूहळू विघटित होताना नायट्राइट सोडतात. त्यांच्या शेजारी मोकळं डीईए असेल तर बाटली कपाटात पडल्या पडल्या आतलं प्रमाण वाढत जातं. फॉर्मल्डिहाइड सोडणारी परिरक्षकं ही क्रिया आणखी सोपी करतात. दुसरी वाट भांड्याची. पीथमपूरच्या एखाद्या मशीनशॉपमधून आलेला, कूलंटचा किंवा गंजरोधकाचा जुना ड्रम धुऊन त्यात कच्चा माल भरला तर त्यातल्या सोडियम नायट्राइटचा अंश सोबत येऊ शकतो. ड्रम स्वस्तात पडतो, पण सीडीईएसाठी तो घेऊ नका.

युरोपीय संघाचा नियम या सगळ्याचं सार आहे. मेदाम्लांच्या अशा अमाइडांत तयार मालात दुय्यम अमाइन ०.५ टक्क्यांहून जास्त नको, कच्च्या मालात ५ टक्क्यांहून जास्त नको. नायट्रोसामाइन दर किलोला ५० मायक्रोग्रॅमच्या आत. नायट्रोसामाइन घडवणाऱ्या पदार्थांबरोबर वापर नको, आणि साठवण नायट्राइट नसलेल्या भांड्यात. नुसतं डीईए घटक म्हणून घालायला तिथे बंदीच आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम २०२० लागू आहेत, आणि भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ च्या दुसऱ्या भागात न वापरायच्या आणि मर्यादेत वापरायच्या घटकांच्या याद्या आहेत. अडचण यादीची नसते. कच्चा माल सुटा घेऊन बनवणाऱ्याच्या हातात त्या मालाचा मोकळ्या अमाइनचा आकडा असतो का, ही अडचण आहे.

‘मग दुसरं काही का घालत नाहीत?’

घालतात. कोकामाइड एमईए हा जवळचा पर्याय. त्यातलं अमाइन प्राथमिक, म्हणजे एकाच शाखेचं, असल्याने त्यापासून टिकाऊ नायट्रोसामाइन बनत नाही. पण ते मेणासारख्या पांढऱ्या पापुद्र्यांत येतं आणि ते विरघळवायला मिश्रण ६०-७० अंशांपर्यंत तापवावं लागतं, म्हणून बादलीत ढवळून बनवणारे ते टाळतात. कोकामिडोप्रोपाइल बीटेन, म्हणजे बाजारातलं सीएपीबी, फेसाला उत्तम, डोळ्यांना सौम्य. त्याच्या बनावटीतही अमाइड आहेच. त्यात उरलेल्या अमाइनांमुळे काहींना ॲलर्जी होते. २००४ मध्ये अमेरिकेच्या त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून त्याचंच नाव जाहीर केलं होतं. म्हणजे पर्याय आहेत, पण उरलेल्या कच्च्या मालाचा प्रश्न तिथेही सुटत नाही. ग्लुकोसाइड, म्हणजे साखरेपासून बनवलेले फेसकारक, सौम्य आणि महाग. झँथन गमने दाटपणा येतो, पण ओघळताना तार सुटते आणि लोकांना ती आवडत नाही.

रिठा-शिकेकाई? त्यांत सॅपोनिन असतं, तेही फेसच करतं आणि डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. हरकत काहीच नाही, पण ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटलीत नुसता रिठा नसतो. तिथेही एसएलईएस आणि दाट करणारं काहीतरी असतंच.

घरी किंवा बचतगटात हँडवॉश बनवणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये हे काम बऱ्याच घरांतून चालतं आणि कच्चा माल सियागंजसारख्या घाऊक बाजारातून सुट्या कॅनमध्ये येतो. कॅनवर बहुधा मार्करने ‘सीडीईए’ एवढंच लिहिलेलं असतं.

दुकानदाराकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओए म्हणतात. त्यात ‘अमाइन व्हॅल्यू’ नावाची ओळ शोधा. तो आकडा ०.१८७ ने गुणला की मोकळ्या डीईएची टक्केवारी अंदाजे मिळते. २५ असेल तर ४.७ टक्के, ठीक. शंभराच्या पुढे असेल तर तो दोनास एक आहे आणि वीस टक्क्यांच्या आसपास डीईए घेऊन आलाय. (उरलेलं उत्प्रेरक आणि इतर अल्कली या आकड्यात मोजली जाते, त्यामुळे खरं प्रमाण यापेक्षा थोडं कमीच असतं. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला.)

प्रमाणपत्र नाहीच मिळालं तर एक कच्ची परीक्षा आहे. १०० मि.ली. साध्या शुद्ध पाण्यात, बोरिंगच्या नव्हे, एक ग्रॅम सीडीईए ढवळा. दुधाळ, गढूळ राहिलं तर ते एकास एककडे झुकणारं. स्वच्छ विरघळलं तर दोनास एकचा संशय. पुरावा म्हणून ही परीक्षा चालणार नाही, पण विकणाऱ्याला प्रश्न विचारायला पुरते.

दहा किलो हँडवॉशचं एक चालणारं प्रमाण असं: एसएलईएसची ७० टक्क्यांची पेस्ट १.२ किलो, सीएपीबी ४०० ग्रॅम, सीडीईए १५० ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए (जड पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवणारं) १० ग्रॅम, सोडियम बेंझोएट ५० ग्रॅम, सुगंध ३० ग्रॅम, मीठ साधारण १०० ते १५० ग्रॅम, लागेल तसं सायट्रिक आम्ल, बाकी पाणी. यात सीडीईए दीड टक्का पडतं. त्यात ५ टक्के मोकळं डीईए धरलं तरी तयार मालात ०.०७५ टक्के, मर्यादेच्या खूप आत. हेच दोनास एक प्रकारचं, वीस टक्के मोकळं असलेलं घेतलं आणि ‘फेस जास्त हवा’ म्हणून ३ टक्के घातलं, तर ०.६ टक्के. मर्यादा ओलांडली, आणि हातांना कोरडेपणा जाणवेल तो वेगळाच.

क्रम महत्त्वाचा. आधी जवळपास सगळं पाणी घ्या, त्यात ईडीटीए आणि बेंझोएट विरघळवा, मग एसएलईएसची पेस्ट थोडी थोडी सोडा. पेस्टवर पाणी ओतलं तर ती अशा घट्ट गोळ्यात जाते की ढवळणाऱ्याचे हात दुखतात पण गोळा फुटत नाही. जोरात ढवळलं तर फेसच फेस होतो आणि आतलं काही दिसत नाही. हलक्या हाताने कालवून रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी निवळ द्रव मिळतं. त्यात सीएपीबी मिसळा. सुगंध थेट न टाकता आधी सीडीईएमध्ये नीट कालवून मग घाला, नाहीतर तो वर तेलासारखा तरंगतो किंवा द्रव गढूळ होतं.

सीडीईए स्वतः अल्कलीधर्मी असतं, त्यामुळे आता पीएच वर गेलेला असतो. सायट्रिक आम्लाचं पाणी करून थेंबाथेंबाने घाला आणि पीएच ५ ते ५.५ वर आणा, कागदी पट्टीने तपासत. हे टाळलं तर बेंझोएट जवळपास निकामी असतं, कारण ते आम्लधर्मी मिश्रणातच जंतू रोखतं. महिन्याभरात वास बदलतो, बाटलीत तंतू दिसतात, आणि दोष सुगंधावर ढकलला जातो. परिरक्षक म्हणून ब्रोनोपॉल असलेली मिश्रणं सर्रास मिळतात. सीडीईएबरोबर ती नकोतच.

मीठ सगळ्यांत शेवटी, पाण्यात विरघळवून, एका वेळी वीसेक ग्रॅम. प्रत्येक वेळी ढवळून दहा मिनिटं थांबा. मिठाने दाटपणा वाढत जातो, एका टोकाला पोचतो आणि त्यानंतर प्रत्येक चमच्याला पातळ होत जातो. सीडीईए असल्यावर हे टोक लवकर येतं. पातळ झालं म्हणून आणखी मीठ घालणं ही सर्रास होणारी गफलत. उलट मीठ नसलेलं थोडं एसएलईएस-पाणी वेगळं करून त्यात मिसळलं तर मिठाचं प्रमाण उतरून दाटपणा परत येतो. जानेवारीच्या थंडीत बाटली दुधी दिसली तर घाबरू नका. लांब साखळ्यांचं अमाइड थंडीने गोठतं, उन्हात ठेवलं की पुन्हा निवळ होतं.

आणि परवाना. हँडवॉश हात धुण्यासाठी विकायचं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, आणि राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून सीओएस-८ नमुन्यातला उत्पादन परवाना लागतो. भांड्यांच्या लिक्विडला हा नियम नाही. म्हणून काही जण एकच द्रव दोन लेबलांनी विकतात. ते करू नका. भांड्यांच्या लिक्विडची प्रमाणं त्वचेचा विचार करून ठरलेली नसतात.

दुकानातून घेताना लेबलवर काय वाचायचं

भारतीय नियमानुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे असतात. त्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. पाणी आणि एसएलईएसनंतर तिसऱ्या-चौथ्या जागी कोकामाइड डीईए असेल तर ते एक टक्क्याच्या वर आहे असं धरून चाला. शेवटी सुगंध आणि रंगांच्या आसपास असेल तर बहुधा थोडंच आहे. त्याच यादीत ‘२-ब्रोमो-२-नायट्रोप्रोपेन-१,३-डायॉल’ दिसलं तर ती बाटली परत ठेवा. ब्रोनोपॉलचं हेच लांबलचक नाव.

लोशन, क्रीम आणि केसांना लावून तसंच ठेवायच्या सीरममध्ये डीईए कोणत्याही रूपात नको. ट्रायइथेनॉलअमाइन, म्हणजे टीईए, क्रीममध्ये सर्रास असतं. ते वेगळं रसायन आहे, पण त्यात डीईएची भेसळ राहू शकते. नामवंत उत्पादक ती तपासून घेतात. सुट्या मालातून बनलेल्या क्रीमबद्दल अशी खात्री देता येत नाही.

पाऊचची गोष्ट निराळी. ६० मि.ली.पेक्षा कमी द्रवाच्या पाकिटावर घटकांची यादी छापणं बंधनकारक नाही. म्हणजे ज्या घरात महिनाभर एक-दोन रुपयांचे पाऊचच वापरले जातात, तिथे व्हॉट्सअॅपचा सल्ला पाळायचाच म्हटलं तरी पाळता येत नाही. त्याच कंपनीची मोठी बाटली दुकानात उलटी करून बघणं, किंवा पाकिटावर उत्पादन परवाना क्रमांक आहे का एवढं तपासणं, इतकंच हातात राहतं. परवाना क्रमांक नसलेला पाऊच कितीही सुवासिक असला तरी घेऊ नका.

लहान मुलांना आठवड्यातून दोनदा, कमी शाम्पू, नीट धुऊन. इतपत वापराला सीडीईएमुळे कर्करोग होईल असं मानायला आधार नाही. त्वचेची तक्रार हा मात्र वेगळा विषय आहे. सीडीईएची ॲलर्जी दुर्मीळ असली तरी खरी असते आणि ती जास्त करून दिवसभर हात ओले असणाऱ्यांत दिसते: पार्लरमधल्या मुली, न्हावी, भांडी घासणारे. बोटांच्या बेचक्यात आणि अंगठीखाली खाज, मग भेगा, सुट्टीच्या दिवशी आराम आणि कामावर गेलं की पुन्हा तेच, असा क्रम दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. ॲलर्जनचे छोटे नमुने पाठीला चिकटवून दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा वाचन घेतात. जाताना वापरातल्या हँडवॉशची आणि शाम्पूची बाटली सोबत न्या. रिकामी असली तरी चालेल, घटकांची यादी हवी असते.